कार्पिन आणि चौदा जणांचं पत्र

रशियाचा माजी फुटबॉलपटू आणि आता प्रशिक्षक असलेल्या वालेरी कार्पिनवर कुठेही चर्चा सुरू झाली की कुणी ना कुणी 1993 चं ते पत्र उकरून काढतंच. 'सही केली आणि फिरला' हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो, म्हणून आधी पत्राबद्दल.

17 नोव्हेंबर 1993, अथेन्स. 1994 च्या विश्वचषकाची जागा आधीच पक्की झालेली असताना रशिया ग्रीसकडून 0-1 हरला. त्या हरण्याने पात्रतेत काही बिघडणार नव्हतं, पण खेळाडूंच्या मनात बरंच साचलं होतं. रशियाच्या फुटबॉल महासंघाने एका कंपनीशी करार केला होता आणि सगळ्यांनी तिचेच बूट घालावेत असा आग्रह होता. परदेशी क्लबांत खेळणाऱ्या कित्येकांचे बुटांचे करार वेगळे होते. शिवाय बोनसच्या रकमा आणि सरावाची व्यवस्था यांवरून कुरबुर होतीच. त्या रात्री चौदा जणांनी पत्रावर सह्या केल्या. त्यात मुख्य मागणी होती ती प्रशिक्षक बदलण्याची. 1992 च्या युरो स्पर्धेला संघ घेऊन गेलेले आधीचे प्रशिक्षक त्यांना परत हवे होते.

घोळ इथेच आहे. बूट आणि पैशांच्या तक्रारी महासंघाविरुद्ध होत्या, तर मागितला गेला प्रशिक्षकाचा राजीनामा, आणि त्याच प्रशिक्षकाने संघाला विश्वचषकात नेलं होतं. दोन वेगळी भांडणं एकाच कागदावर आली. त्यामुळे पुढे प्रशिक्षक तेच असूनही काही जण विश्वचषकासाठी अमेरिकेला जायला तयार झाले तेव्हा त्यांनी नेमकी कुठली मागणी सोडली, हे कुणालाच नीट सांगता येईना. कार्पिन त्यांतला एक. वय 24, अजून मॉस्कोच्या स्पार्ताक क्लबमध्येच. इटली-इंग्लंडमध्ये बस्तान बसलेल्या खेळाडूंना 'नाही' म्हणणं परवडत होतं. त्याच्यासमोर पहिलाच विश्वचषक होता. याला मी गद्दारी म्हणणार नाही.

तो गेला. ब्राझील आणि स्वीडनकडून हार झाली, कॅमेरूनवर 6-1 असा विजय मिळाला, तरी संघ गटातच बाद झाला. कॅमेरूनविरुद्ध एकट्याने पाच गोल मारणाऱ्या आघाडीवीराचीही त्या पत्रावर सही होती. त्याला मात्र आज कुणी 'फिरला' म्हणत नाही!

त्याआधीची गोष्ट थोडक्यात : जन्म 1969 चा, एस्टोनियातल्या नार्वा गावचा. सोव्हिएत संघ फुटल्यावर ऑगस्ट 1992 मध्ये रशियाने मेक्सिकोविरुद्ध पहिला सामना खेळला. त्यातला संघाचा पहिला गोल, पेनल्टीवर, त्याचाच. नंतर स्पेनमधले क्लब : रेआल सोसिएदाद, वालेन्सिया, सेल्ता आणि पुन्हा सोसिएदाद. 2003 मध्ये सोसिएदादचं स्पॅनिश लीगचं विजेतेपद दोन गुणांनी हुकलं. शेवटून दुसऱ्या फेरीत ते 2-3 हरले होते, तेही सेल्ताच्या मैदानावर, जिथे कार्पिनने पाच वर्षं उजवी बाजू सांभाळली होती.

प्रशिक्षक म्हणून स्पार्ताकला त्याने 2009 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये रशियन लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. माय्योर्का आणि आर्माविर या क्लबांत जम बसला नाही, रोस्तोवमध्ये बसला. 2021 च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघ हाती आला.

त्या शरद ऋतूत 2022 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पहिल्या सहा सामन्यांत पाच विजय आणि एक बरोबरी. 14 नोव्हेंबरला स्प्लिटमध्ये क्रोएशियाशी बरोबरी झाली असती तरी थेट जागा मिळाली असती. पावसाने मैदानाचं तळं झालं होतं, चेंडू जागच्या जागी रुतत होता. 81 व्या मिनिटाला गोलसमोर आलेला चेंडू रशियाच्याच बचावपटूला लागून जाळ्यात गेला आणि संघ 0-1 हरला. संघाने फारच मागे बसून खेळ केला ही टीका मला मान्य आहे.

नोव्हेंबरच्या त्या सामन्यांसाठी रशियाकडून 30 गोल केलेल्या आघाडीवीराला कार्पिनने बोलावलं होतं आणि त्या खेळाडूने यायला नकार दिला होता. 1993 मध्ये सही करणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडे बसला होता.

थेट जागा हुकल्यामुळे मार्च 2022 मध्ये पोलंडशी प्लेऑफ, म्हणजे उरलेल्या जागेसाठीचा बाद सामना, होणार होता. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर पोलंडने खेळायला नकार दिला आणि रशियावर बंदी आली. सप्टेंबरात बिश्केकमध्ये किर्गिझस्तानवर 2-1 असा विजय मिळवून मैत्रीपूर्ण सामन्यांचा सिलसिला सुरू झाला. तेव्हापासून कार्पिनच्या संघाला एकही पात्रता सामना मिळालेला नाही. 2025 मध्ये त्याने राष्ट्रीय संघासोबतच दिनामो मॉस्को क्लबची जबाबदारी घेतली आणि नोव्हेंबरमध्ये ती सोडली.