फोर्कलिफ्टचा ओळंबा

फोर्कलिफ्टला चाके चार असली, तरी तिचा तोल तीनच बिंदूंवर असतो. मागचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर डुलता बसवलेला असल्यामुळे खाचखळग्यांतही चारही चाके जमिनीला टेकून राहतात. पण गाडी तोलून धरतात ती पुढची दोन चाके आणि ही पिन. गाडी व माल यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या तिघांच्या त्रिकोणात पडतो, तोवर गाडी उभी राहते.

गोदामाच्या फरशीवर हा ओळंबा फारसा ढळत नाही. बाहेर मात्र, चाकांमधले अंतर एक मीटर धरले, तर एक पुढचे चाक १० सेंटिमीटरच्या खड्ड्यात उतरताच गाडी जवळजवळ ६ अंशांनी कलू शकते. अशा वेळी गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असेल, तर ओळंबा १० सेंटिमीटर सरकतो आणि २ मीटरवर असेल, तर २०. त्रिकोण मागे निमुळता होत जातो, त्यामुळे हाताशी असलेली जागा मुळातच थोडी असते. म्हणूनच खडबडीत जमिनीवर माल उचलून धरून गाडी चालवणे मला सर्वांत घातक वाटते. फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे काटे, जमिनीवरच्या उंचवट्यांना घासणार नाहीत एवढेच वर आणि मास्ट, म्हणजे ते काटे वरखाली नेणारा उभा सांगाडा, मागे झुकवलेला, हीच योग्य स्थिती. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या अरुंद भागाकडे असतो. त्यामुळे रिकामी गाडी वळणावर बेफिकीरपणे दामटणेही तितकेच चुकीचे. वेग दुप्पट झाला, की वळणावर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो.

जमीन किती भार पेलते, हाही प्रश्न आहेच. भरलेल्या गाडीचे बहुतांश वजन पुढच्या दोन चाकांवर येते. पावसाने भिजलेली किंवा नुकताच चर बुजवलेली जमीन वरून सपाट दिसते आणि चाकाखाली अचानक खचते. चालकाने आधी तो रस्ता पायी चालून पाहावा. बुटाची टाच रुतत असेल, तर तिथे गाडी नेऊ नये. मोठे हवेचे टायर असलेली, खास खडबडीत जमिनीसाठी बनवलेली फोर्कलिफ्ट कमी रुतते, पण ओळंब्याचा नियम तिलाही चुकत नाही.

उतारावर भरलेली गाडी चढताना व उतरतानाही माल चढाच्या बाजूलाच ठेवावा, म्हणजे उतरताना गाडी मागे घेत यावे लागते. उतारावर वळू नये आणि आडवे तर जाऊच नये.

इतके करूनही गाडी कलंडू लागली, तर उडी मारण्याचा मोह होतो. उडी मारणारा माणूस नेमका डोक्यावरच्या संरक्षक छताखाली चिरडला जाण्याची भीती असते. म्हणून सीटबेल्ट आधीपासूनच लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि गाडी ज्या बाजूला पडत आहे, तिच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवून आत बसून राहावे.