गिअर पडत नाही, दोष कोणाचा?

मे महिन्यातली दुपार. कन्नड घाट उतरून चाळीसगावात शिरलो आणि भर बाजारात पहिला गिअर पडेना. जोर लावला तर करकर आवाज. गिअरबॉक्स गेला असं मी धरूनच चाललो होतो. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "गाडी बंद करा, मग टाका." टाकला. पाचही गिअर लोण्यासारखे पडले. "गिअरबॉक्सले काही नही व्हयेल, भाऊ," एवढं बोलून ते पेडलखाली वाकले.

त्या एका परीक्षेत अर्धं निदान होतं: दोष गिअरबॉक्सचा नाही, क्लचचा. निवांत चालू असलेलं इंजिनही मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं. त्याच्या फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाला, प्रेशर प्लेट ही गिअरबॉक्सच्या शाफ्टवरची क्लच प्लेट दाबून धरते. पाय दाबला की ही पकड सुटते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट मोकळा होतो. पेडल दहा-बारा सेंटीमीटर खाली जातं, पण तिकडे प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरते, आणि ती फट क्लच प्लेटच्या दोन बाजूंत वाटली जाते. वाटेत थोडी हालचाल वाया गेली की प्लेट घासत राहते आणि शाफ्ट फिरत राहतो. गिअर पडण्याआधी दोन्हीकडचा वेग जुळवायचं काम पितळी सिंक्रो रिंगचं. ती बिचारी चालू इंजिनाशी किती झुंजणार?

खात्री करायची तर रिव्हर्स वापरा, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रो रिंग नसते. मागे मोकळी जागा बघा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. थांबायचं अशासाठी की चांगल्या क्लचमध्येही शाफ्ट थांबायला क्षणभर लागतो. तरीही करकरलं, तर क्लच सुटत नाही.

का सुटत नाही? आधी पायाखालचं मॅट बघा. हसू नका, पेडलखाली मॅट सरकलेलं असतं. केबलची गाडी असेल तर केबल ताणली गेलेली असते किंवा तिचे तार तुटत आलेले असतात. ऑइलवरचा क्लच असेल तर पेडल चार-पाचदा भराभर दाबा. त्याने गिअर सोपा पडला, तर ऑइलमध्ये हवा आहे. ऑइल दबत नाही, हवा दबते, आणि पायाचा जोर तिथेच जिरतो. गिअर टाकून पेडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, तर क्लचच्या सिलिंडरचं (पायाचा जोर ऑइलमार्फत पोचवणाऱ्या नळकांड्याचं) रबर सील गळतंय.

आपल्याकडे खापर उन्हावर फुटतं. जळगावचा पारा पंचेचाळीसला गेला तरी क्लचमधलं डॉट 3 दर्जाचं ऑइल ताजं असताना 205 अंशांखाली उकळत नाही. मात्र ते हवेतली ओल शोषतं. मग उकळणबिंदू उतरतो आणि आत गंजही धरतो.

घाट चढताना इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, तो रोग उलटा: तिथे प्लेट घसरते. दोन्हींवर 'नवी क्लच प्लेट टाका' हाच उपाय सांगणाऱ्यांपासून खिसा सांभाळा. गाडी बंद असतानाही सगळे गिअर जड असतील तर लिंकेज, म्हणजे गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यातली जोडणी, तपासा. एकच गिअर अडत असेल तर त्याची सिंक्रो रिंग.

माझ्या गाडीत क्लचच्या खालच्या, गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचं रबर ओलं निघालं. सील बदललं, मग मी पेडल दाबून धरायचं आणि मिस्त्रींनी हवा काढायचं निपल सैल करायचं, असं चाललं. बाटलीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत माझी पिंडरी भरून आली होती.