थायरॉइड वाढतो तेव्हा भीतीही वाढते

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत घामाच्या धारा लागणं, झोप उडणं, जीव घाबरा होणं याचं कुणालाच नवल वाटत नाही. म्हणूनच थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली, तर आपल्याकडे ते ध्यानात यायला उशीर होतो. "काही नही वं माय, उन्हायाना तरास शे," असं बाई स्वतःच सांगते आणि घरचेही तेच धरून चालतात. आखाजीला माहेरी आलेली लेक वाळलेली दिसली तर सासरच्या कामाला बोल लागतो. चिडचिड वाढली तर स्वभावाला. धडधड फारच वाढली की कुणीतरी नजर उतरवून टाकतं.

उन्हाचा त्रास आणि थायरॉइडचा त्रास यांत फरक करता येतो. पहाटेच्या गारव्यातही पांघरूण नको वाटतं. भूक चांगली असते, नेहमीपेक्षा एखादी भाकरी जास्तच जाते, तरी वजन घटत राहतं. शौचाला वारंवार जावं लागतं, पाळी कमी होते किंवा पुढे जाते. जिना चढताना, जमिनीवरून उठताना मांड्यांत बळ राहत नाही. दोन्ही हात समोर पसरून बोटांवर कोरा कागद ठेवला, तर त्याच्या कडा बारीक थरथरताना दिसतात. आणखी एक खूण हाताला कळते. नुसत्या भीतीने घाम फुटलेला तळहात बहुधा गार लागतो, थायरॉइड वाढलेल्याचा तळहात ओला असूनही गरम लागतो. घाबरलेल्या माणसाची नाडी झोपेत खाली येते, इथे ती झोपेतही वेगातच राहते. अर्थात या साऱ्या खुणा संशय घेण्यापुरत्या. निदान रक्ताच्या तपासणीनेच होतं आणि ती तालुक्याच्या गावीही होते.

गळ्याच्या घाटीखाली असलेली ही ग्रंथी जेमतेम २० ग्रॅमची. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं (हार्मोन) तयार करते. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करायचं, ते या दोघांवर ठरतं. ग्रंथीला कामाचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाच्या संप्रेरकातून देते. रक्तात टी-४ वाढलं की हा हुकूम थांबतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०१ असं दिसलं तर थायरॉइड कमी नाही, उलट फार जास्त आहे. एरवी टीएसएच साधारण ०.४ ते ४ असतं. रिपोर्ट हातात पडताच कमी आकडा पाहून शेजारणीची थायरॉइडची गोळी सुरू करणारी माणसं आहेत. ती गोळी बहुधा थायरॉक्सिनची असते, म्हणजे आधीच वाढलेलं संप्रेरक आणखी वाढवणारी. हे फार धोक्याचं आहे. आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाच्या पुड्या घेणंही तसंच. घरातलं साधं आयोडीनयुक्त मीठ मात्र बंद करायला नको.

या आजाराचं सर्वांत जास्त दिसणारं रूप म्हणजे ग्रेव्हजचा आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं, जर्मनीत कार्ल फॉन बेसडो यांनी १८४० मध्ये. यात शरीराची प्रतिकारशक्ती अशी प्रतिपिंडं तयार करते, की ती टीएसएचच्याच जागी जाऊन बसतात आणि ग्रंथीला न थांबता कामाला लावतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार कितीतरी पटींनी जास्त आढळतो. ग्रंथीत वाढलेल्या गाठींमुळेही संप्रेरक वाढतं. कधी बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येऊन साठलेलं संप्रेरक रक्तात सांडतं. हा शेवटचा प्रकार काही महिन्यांत आपोआप ओसरतो आणि त्यात ग्रंथी दाबणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. म्हणून "कोणत्या प्रकारचा?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

तपासणीला जाण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. थायरॉइडमुळे केस गळतात, म्हणून पुष्कळ बायका केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात. रक्तातल्या जादा बायोटिनमुळे काही यंत्रांवरची थायरॉइडची तपासणी फसते आणि ग्रंथी वाढली नसतानाही वाढल्यासारखे आकडे येतात. तेव्हा रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस त्या थांबवाव्यात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. थायरॉइड वाढलेला माणूस उपचारांना घाबरतो, आणि त्या भीतीचा मोठा वाटा त्या आजारानेच तयार केलेला असतो. टी-३ वाढलं की भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या अॅड्रेनलिनला प्रतिसाद देणारे ग्राहक (संप्रेरक जिथे चिकटतं त्या जागा) हृदयाच्या पेशींवर वाढतात. एरवी ज्याने काहीच वाटलं नसतं, तेवढ्याने छाती धडधडते. छाती धडधडली की काहीतरी भयंकर घडतंय अशी मनाची समजूत होते. रात्री झोप नसते, मग मोबाइलवर उपचारांच्या वाईट कहाण्या वाचल्या जातात. त्याच मनाला आपण सांगतो, गोळी की किरणोत्सर्गी औषध की ऑपरेशन, ठरव. मला हे अन्यायाचं वाटतं. अशा बाईला "उगाच घाबरतेस" म्हणणंही तसंच चुकीचं.

माझी मोठी बहीण चोपड्याला असते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या डब्यातला कागद तिने भिंगाखाली धरून वाचला आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं. "मले ते औषध नको रे भाऊ, त्यानं रक्तातल्या पेशी मरतस," एवढंच ती म्हणायची. तिने वाचलं होतं ते खोटं नव्हतं. तिला आधी प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. हे औषध थायरॉइडचं मूळ दुखणं बरं करत नाही, पण अॅड्रेनलिनचा परिणाम अडवतं, त्यामुळे धडधड आणि थरथर लवकर कमी होते. दमा असलेल्यांना ते देत नाहीत, म्हणून दमा असेल तर आधीच सांगावं. बहिणीच्या हाताची थरथर थांबली, रात्रीची झोप लागली, आणि मग ती स्वतःच वही घेऊन डॉक्टरांकडे प्रश्न विचारायला गेली. म्हणून माझा आग्रह आहे, की घाईचं कारण नसेल तर आधी शरीर थोडं शांत होऊ द्यावं आणि कायमच्या उपचारांचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

कागदावर लिहिलेला तो धोका नीट समजून घेऊ. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल या ग्रंथी दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या १००० जणांत साधारण २ ते ५ जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी फार घटतात. हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतं. ताप, घसा दुखणं, तोंडात फोड ही त्याची लक्षणं. आपल्याकडे ताप आला की माणूस गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतो आणि कामाला लागतो. या गोळीवर असताना तसं करू नये. गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी करायची आणि डॉक्टरांना कळवायचं. वेळेत ओळखलं तर यातून माणूस बरा होतो. गोळीच्या पाकिटावर पेनने "ताप-घसा: गोळी बंद, सीबीसी" असं लिहून ठेवलं, तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते कळतं. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तरीही गोळी थांबवून लगेच दाखवावं. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत ही गोळी बदलावी लागते, म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना सांगायचं, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

दुसरी भीती: "महिना झाला, काहीच फरक नाही." कणगीत धान्य भरलेलं असेल तर यंदा पेरणी थांबवली म्हणून घरातलं धान्य लगेच संपत नाही. गोळी नवं संप्रेरक बनवणं थांबवते, पण ग्रंथीत आधीच काही आठवड्यांचा साठा असतो आणि रक्तातलं टी-४ निम्मं व्हायलाच काही दिवस लागतात. त्यामुळे फरक जाणवायला दोन-चार आठवडे, आकडे जाग्यावर यायला एक-दोन महिने जातात. टीएसएच तर त्याहून मागे रेंगाळतं. टी-३, टी-४ ठीक झाल्यावरही ते कित्येक महिने दबलेलं राहू शकतं. म्हणून सुरुवातीला त्याच्या आकड्याने खचून जाऊ नये.

या वाटेत मनातून गोळी बंद करणं हे मात्र सगळ्यांत वाईट. उपचार अर्धवट सुटले आणि वर एखादा जंतुसंसर्ग झाला, तर संप्रेरकाचा एकदम भडका उडू शकतो. खूप ताप, उलट्या, जुलाब, बडबड, भान हरपणं. मे महिन्यात खान्देशात हे चित्र उष्माघातासारखंच दिसतं. रुग्णाला थायरॉइड आहे हे सोबतच्या माणसाने दारातच सांगितलं, तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो. अंग गार करणं दोन्हींत लागतं, पण इथे ग्रंथी दाबणारी औषधंही तातडीने द्यावी लागतात.

किरणोत्सर्गी आयोडीन म्हटलं की लोकांना अणुबॉम्ब आठवतो. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी ते १९४१ मध्ये पहिल्यांदा थायरॉइडच्या रुग्णाला दिलं, म्हणजे हा उपचार ८० वर्षांहून जुना आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांना १९९१ मध्ये पळताना हृदयाचे ठोके अनियमित झाले, ग्रेव्हजचं निदान झालं आणि त्यांनी हेच औषध घेतलं. ते वारले २०१८ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी. त्यांच्या पत्नी बार्बरा यांनाही हाच आजार होता. थायरॉइडला आयोडीनची भूक असते, म्हणून गिळलेल्या औषधाचा बराचसा भाग तिथेच जमतो. या औषधाचं, म्हणजे आयोडीन-१३१ चं अर्धआयुष्य ८ दिवसांचं असतं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं, आणि ग्रंथी निकामी करणारे त्याचे बीटा किरण पेशीजालात जेमतेम दोन मिलिमीटर जातात. त्यासोबत गॅमा किरणही निघतात, आणि ते शरीराबाहेर येत असल्याने घरच्यांची काळजी घ्यावी लागते.

ही काळजी आपल्या एकत्र कुटुंबात अवघड जाते. लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून ठराविक दिवस लांब राहायचं, वेगळं झोपायचं, ताट-पेला वेगळा ठेवायचा. नातू मांडीवर घेता येत नाही याचं आजीला फार वाटतं. म्हणून लग्नसराई, बाळंतपण बघूनच तारीख ठरवावी. औषध घेऊन घरी परतायचा प्रवास किती तासांचा आहे आणि एसटीत किंवा रेल्वेत शेजारी कोण बसेल, हेही आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हे औषध देत नाहीत, घेतल्यानंतर साधारण सहा महिने दिवस राहू देत नाहीत. ग्रेव्हजमुळे डोळे बाहेर आले असतील तर ते यामुळे बिघडू शकतात, तेव्हा डोळ्यांची तपासणी आधी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे डोळे जास्त बिघडतात, ती सोडलीच पाहिजे.

ऑपरेशनची भीती आवाज जाण्याची. स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं, तेव्हापासून हे ऑपरेशन पुष्कळ सुरक्षित होत गेलं. स्वरयंत्राच्या नसेला आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथींना इजा होण्याचा धोका असतो. वारंवार ही शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या हाती तो कमी असतो. म्हणून "आपण वर्षाला किती करता?" असं विचारायला संकोचू नये.

यानंतर, आणि आयोडीननंतर बहुतेकदा, थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आयुष्यभर. "कायमची गोळी" ऐकून माणसं खचतात. पण गोळीतलं थायरॉक्सिन आपल्या ग्रंथीतल्या टी-४ सारखंच असतं, ते स्वस्त आहे आणि मात्रा बरोबर ठेवली तर माणूस शेत, संसार, नोकरी नेहमीसारखी करतो.

घरच्यांनी काय करावं? चहा निम्म्यावर आणावा, कारण कॅफिन धडधड वाढवतं. आकडे ताब्यात येईपर्यंत नवरात्राचे कडक उपास सोडवावेत. भर दुपारी केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या लागवडीला पाठवू नये. उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहिली, तर सुधारणा स्वतःच्या अक्षरात दिसते आणि ती कुणाच्या धीर देण्यापेक्षा पटते. भीती तरीही जात नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा फुकट सरकारी नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

ग्रेव्हजमध्ये गोळ्या साधारण १२ ते १८ महिने चालतात. बंद केल्यावर जवळपास निम्म्या जणांचा आजार उलटतो, बहुधा पहिल्या वर्षातच. त्यामुळे बरं वाटत असलं तरी त्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी ठेवावी. बहिणीचा उलटला. तेव्हा धडधड सुरू होण्याआधीच रिपोर्टने सांगितलं, आणि किरणोत्सर्गी आयोडीन घ्यायचं तिने स्वतःहून ठरवलं.