किण्वन-तापमानाचे नियंत्रण (घरगुती बिअर)

घरी बिअर करताना यीस्ट मिसळल्यापासून किण्वन पुरे होईपर्यंत द्रवाचे तापमान ठराविक मर्यादेत राखण्याची पद्धत. एल (उबदार तापमानात आंबवलेली बिअर) या प्रकारासाठी साधारणपणे १८ ते २२° से., तर लागरसाठी (थंड तापमानात आंबवलेली बिअर) ८ ते १३° से. तापमान योग्य मानतात.

थंड किण्वनाचा उगम वादग्रस्त आहे. बव्हेरियातील तळघरांत ते बहुधा पंधराव्या शतकात रूढ झाले असावे. १५५३ मध्ये तेथे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई झाली. उन्हाळ्यात बिअर नासते, हे तिचे कारण सांगितले जाते. लागरचे यीस्ट, सॅकॅरोमायसीस पास्टोरियानस, हे एलचे यीस्ट आणि थंडी सोसणारी युबायानस ही रानटी जाती यांच्या संकरातून आले. युबायानस दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियात सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाल्यावर ती अटलांटिकपार व्यापारातून युरोपात आली असावी, असे मत मांडले गेले. थंड किण्वन कोलंबसपूर्व धरल्यास हे मत अडचणीचे ठरते. युबायानसचे तिबेटातील नमुने लागरच्या यीस्टला जनुकीयदृष्ट्या अधिक जवळचे निघाले आणि पुढे आयर्लंडच्या मातीतही ही जाती मिळाली. त्यामुळे ती युरोपात आधीपासूनच असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. संकर नेमका केव्हा झाला, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. शुद्ध लागर यीस्ट वेगळे काढले ते एमिल हान्सेन यांनी, कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत, १८८३ मध्ये.

किण्वनात उष्णता बाहेर पडते. जोर असताना बिअर खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असते. म्हणून तापमापकाचे टोक हवेत लोंबते न ठेवता भांड्याच्या अंगाला टेकवतात आणि वरून फोमचा तुकडा किंवा घडी केलेले फडके घट्ट बांधतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतील हयगय नंतर भरून निघत नाही : तापमान चढल्यास उग्र, जळजळीत उच्च अल्कोहॉले तयार होतात, एस्टरे (फळांसारखा वास देणारी संयुगे) वाढून केळ्यासारखा वास येतो. लागरमध्ये शेवटी दोन-तीन दिवस तापमान मुद्दाम १६ ते १८° से.पर्यंत चढवतात, लोण्याचा स्वाद देणारे डायअॅसिटिल यीस्ट तेव्हा पुन्हा शोषून घेते.

साधने साधीच : पाण्याचा टब व बर्फाच्या बाटल्या, किंवा थर्मोस्टॅट जोडलेला जुना फ्रीज. नॉर्वेतील क्वाइक यीस्ट ३० ते ४०° से.लाही स्वच्छ चवीची बिअर देते.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी १९६३ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.