सीडी ड्राइव्ह नसलेला लॅपटॉप आणि त्याचे रिकव्हरी पार्टिशन : पार्श्वभूमी

टिळकवाडीतल्या घरी 2009 साली आणलेला दहा इंची लॅपटॉप सुरू केला, तेव्हा बेळगावचे मराठी बातमीपत्र उघडले तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, आणि सातबाऱ्याचे कन्नड पान उघडले तरी तेच. देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा हे फाँट विंडोज एक्सपीच्या सामानात असत, पण भारतीय लिप्यांची सोय आपसूक बसवलेली नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये त्यासाठी खूण करावी लागे आणि खूण करताच संगणक एक्सपीची सीडी मागे. ज्या यंत्राला सीडी घालायची जागाच नाही त्याने सीडी मागावी, हा विनोद सीमाभागातल्या दुभाषी वापरकर्त्याला विकत घेतल्याच्या पहिल्याच दिवशी भेटत असे. सुदैवाने त्या फायली आय386 नावाच्या फोल्डरमध्ये सी ड्राइव्हवरच पडून होत्या, आणि तेवढी वाट दाखवली की काम भागले.

सीडी गायब होण्याची गोष्ट त्याआधीची आहे. पूर्वी बिघाड झाल्यास विंडोज पुन्हा बसवता यावी म्हणून संगणकासोबत खोक्यात तिची सीडी येई. 2000 नंतरच्या काही वर्षांत आयबीएमसह अनेक कंपन्यांनी ते सामान हार्ड डिस्कच्याच एका लपवलेल्या भागात, म्हणजे रिकव्हरी पार्टिशनमध्ये, ठेवायला सुरुवात केली. त्यात कंपनीचा सीडीचा खर्च वाचला, आणि जागा मात्र ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या डिस्कमधली गेली. भरपाई म्हणून एक प्रोग्रॅम दिला जाई, जो त्या भागावरून रिकव्हरी डिस्क तयार करून देई. एका डीव्हीडीत 4.7 जीबीच मावत असल्याने अशा दोन-तीन तरी लागत, आणि एचपीसारख्या कंपनीच्या प्रोग्रॅममधून असा संच एकदाच करता येई.

ही सारी व्यवस्था प्रत्येकाकडे डीव्हीडी रायटर आहे, असे धरून बेतलेली होती. ऑक्टोबर 2007 मध्ये तैवानच्या असूसने सात इंची पडद्याचा ईई पीसी 701 हा छोटा लॅपटॉप आणला आणि ते गृहीतक कोसळले. त्याला डिस्क ड्राइव्ह नव्हता, तरी खोक्यात डीव्हीडी होतीच! पुढे अॅटम प्रोसेसरचे मिनी लॅपटॉप निघाले आणि अशा स्वस्त यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने एक्सपी देण्याची मुदत ऑक्टोबर 2010 पर्यंत वाढवली.

मग लोक त्या लपवलेल्या भागाची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊ लागले, आणि नुसत्या फायली उतरवून भागत नाही हे त्यांना अनुभवाने कळले. अनेक यंत्रांत त्या भागाला 27 हा प्रकार-क्रमांक दिलेला असे, म्हणून विंडोज त्याला ड्राइव्हचे अक्षर देत नसे. शिवाय सुरू होताना असूसवर एफ9, एसरवर ऑल्ट आणि एफ10, एचपीवर एफ11 दाबल्यावर रिकव्हरी उघडण्यासाठी काही यंत्रांत डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटांत, म्हणजे एमबीआरमध्ये, कंपनीचा खास कोड बसवलेला असे. तो पुसला गेला की पार्टिशन धडधाकट असूनही बटण मुके होई. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून क्लोनझिला हा डिस्कची प्रत घेणारा प्रोग्रॅम चालवून पार्टिशनची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, आणि सोबत एमबीआरही जपून ठेवणे, हाच खात्रीचा मार्ग ठरला. पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा असेल तर त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून इमेजचे तुकडे करावे लागतात.

हे न करता यंत्र दुकानात नेले, तर तिथे बहुधा ‘फॉरमॅट मारून’ मिळे. माझ्या लॅपटॉपचे तेच झाले : दुरुस्ती करणाऱ्याने सगळी पार्टिशन एकत्र करून सी ड्राइव्ह मोठा करून दिला, आणि मीही त्या वेळी खूश होऊन घरी आलो. परवान्याच्या स्टिकरवरची अधिकृत एक्सपी मात्र त्या यंत्रावर पुन्हा कधी आली नाही.

ऑक्टोबर 2012 च्या विंडोज 8 मध्ये रिकव्हरी ड्राइव्ह बनवताना पार्टिशनही यूएसबीवर उतरवण्याचा पर्याय आला, आणि उतरवून झाल्यावर मूळ भाग पुसून जागा मोकळी करण्याची विचारणाही. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड वाचण्यासाठी वेगळे काही बसवावे लागण्याचे दिवसही तोवर संपले होते.

तरीही ही प्रत यंत्राला कारखान्यातून निघाल्या दिवसापर्यंतच मागे नेते. लग्नपत्रिकेसाठी बसवलेली श्रीलिपी ही मराठी फाँटची प्रणाली, सरकारी अर्जासाठी बसवलेली नुडी ही कन्नड टंकलेखनाची प्रणाली आणि त्यांत लिहिलेला मजकूर त्या भागात कधीच नसतो. त्यांची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी लागते.