ग्वानाह्वातो: चांदीने वसवलेलं शहर आणि एक धान्याचं कोठार

मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोचे फोटो बघितले की रंगीबेरंगी घरांसोबत दगडी बोगद्यांतून धावणाऱ्या गाड्याही दिसतात. त्यातला मुख्य भुयारी रस्ता म्हणजे एकेकाळचं नदीचं पात्र आहे. शहर अरुंद घळीत वसलेलं, पूर आला की पाणी थेट घरात, 1905 चा पूर तर फारच भयंकर होता, मग नदी दुसरीकडे वळवली आणि रिकाम्या पात्रात 1960 च्या दशकात रस्ता झाला.

पण अशा अडचणीच्या जागी लोक राहायला आलेच कशाला? चांदीसाठी! 16व्या शतकाच्या मध्यात इथे चांदी सापडली, आणि 18व्या शतकात तर एकट्या व्हॅलेन्सियाना खाणीतून इतकी चांदी निघायची की जगातल्या सगळ्यात मोठ्या खाणींमध्ये तिचं नाव होतं. खाणीजवळच्या सान कायेतानो चर्चमध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदी आहेत, त्या याच पैशातून. खाली उतरून राबणाऱ्यांच्या वाट्याला मात्र काय आलं ते 1810 मध्ये दिसलं.

त्या सप्टेंबरात मिगेल इदाल्गो या पाद्र्याने स्पेनविरुद्ध बंड पुकारलं आणि 28 तारखेला हजारो लोकांचा जमाव घेऊन तो इथे धडकला. स्पॅनिश अधिकारी रियान्योने श्रीमंत स्पॅनिश कुटुंबं आणि खजिना अल्होन्दिगा नावाच्या नव्याकोऱ्या धान्याच्या कोठारात हलवला, बाकी शहर वाऱ्यावर सोडलं. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी चूक, कारण गावातली गरीब माणसं तिथेच त्याच्यापासून तुटली, आणि खाणकामगार बंडखोरांना जाऊन मिळाले. पिपिला नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी फरशी बांधून, वरून गोळ्या बरसत असताना दरवाज्यापर्यंत जाऊन तो पेटवला असं सांगतात. तो खरंच होता की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे, पण डोंगरावर त्याचा अवाढव्य पुतळा आहे आणि गावाला तो आपलाच वाटतो. दार जळलं, जमाव आत घुसला आणि आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. रियान्यो तर त्याआधीच गोळी लागून मेला होता.

पुढच्याच वर्षी इदाल्गो आणि बंडातले त्याचे साथीदार आयेन्दे, आल्दामा आणि हिमेनेस पकडले गेले, त्यांना गोळ्या घातल्या आणि चौघांची मुंडकी याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यात टांगली. स्वातंत्र्य मिळेपर्यंत, म्हणजे 1821 पर्यंत, दहा वर्षं ती तिथेच होती, रोज बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. पुढे तिथे तुरुंग झाला, आता म्युझियम आहे. चारही कोपऱ्यांवर एकेकाचं नाव कोरलंय, आणि वर ते लोखंडी हूक अजूनही आहेत.