क्यूच्या टोकाची वसवी
मुसळाचं तोंड फुटू नये म्हणून त्याला लोखंडी वसवी ठोकतात. पूल या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायच्या काठीवर, म्हणजे क्यूवर, चामड्याची टिप आणि मेपलचं लाकूड यांच्यामध्ये जे पांढरं नळकांडं दिसतं, ते फेरूलही मुळात लाकूड सांभाळण्यासाठीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या फ्रांस्वा मिंगोने चामड्याची टिप रूढ केली, तसे फटके चेंडूच्या मध्यापासून बाजूला बसू लागले. असा तिरका मार झेलायला टिपखाली टणक बैठक हवीच.

अमेरिकेत उंची क्यूला हस्तिदंताचंच फेरूल, अशी रीत कित्येक दशकं होती. हस्तिदंत लेथवर छान कातला जातो, त्याला झिलई येते आणि फटक्याला स्वच्छ ‘टक्’ आवाज मिळतो. पण कोरड्या हवेत तो तडकतो. जुनं फेरूल उजेडात फिरवून पाहा: रंध्रांत मुरलेला टिपला लावायचा निळा चॉक आणि केसाएवढी चीर. हत्तींच्या कत्तलीमुळे 1989 साली लोझानला वन्यजीव-व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या परिषदेत आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. तो योग्यच होता. फेरूलसाठी हत्ती मारणं कुठल्याही ‘टक्’ने भरून निघत नाही. मग मायकार्टा, म्हणजे राळेत दाबून घट्ट केलेलं कापड किंवा कागद, आणि मेलामाइनसारखी प्लास्टिकं पुढे आली. कारागीर मात्र प्रत्येक नवा पदार्थ हस्तिदंतासारखा वाजतो का, हेच आधी बघत राहिले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. टिप आणि चेंडू एकमेकांना जेमतेम एक सहस्रांश सेकंद टेकतात. हाताची जाणीव मेंदूपर्यंत पोचते तेव्हा चेंडू केव्हाच सुटलेला असतो. ज्याला आपण ‘फील’ म्हणतो तो त्यानंतरचा थरार आणि आवाज. कडक फेरूलचा आवाज टोकदार, मऊचा दबका, आणि कानाने ऐकलेलंच आपल्याला हाताला जाणवल्यासारखं वाटतं.

चेंडूच्या वाटेवर परिणाम होतो तो वजनाचा. साइड देताना, म्हणजे चेंडूला बाजूला मारून फिरकी देताना, क्यूचं टोक किंचित बाजूला सरकतं. ते जितकं जड, तितका चेंडू उलट दिशेला ढकलला जातो, आणि फेरूल तर नेमकं टोकावरच. 1994 मध्ये प्रेडेटर या क्यू बनवणाऱ्या कंपनीने 314 नावाची शाफ्ट, म्हणजे क्यूचा टोकाकडचा अर्धा भाग, काढली, ती हेच वजन उतरवण्यासाठी: टोकाकडचं लाकूड पोकळ, फेरूल आखूड आणि हलकं. नेम सुधारला, पण जुन्या क्यूची सवय असलेल्यांना ती पोकळ वाजते असं वाटलं. मला हा बदल हस्तिदंताच्या बंदीपेक्षाही मोठा वाटतो, कारण तोवर फेरूलचा विचार मजबुती आणि आवाज यांपलीकडे फारसा जात नव्हता.

स्नूकर 1875 साली जबलपूरला जन्मलं, आणि आपल्या क्लबांत स्नूकरच्या क्यूवर दिसतं ते पितळी फेरूल. पितळ मेपलच्या साधारण बारा पट घन. पण त्याची भिंत पातळ, लांबी कमी आणि टिपही साडेनऊ-दहा मिलिमीटरची, म्हणून ते खपून जातं. आता काही कार्बन शाफ्टना वेगळं फेरूल जवळजवळ उरलेलंच नाही.

क्यूचा फील बिघडला असं वाटलं, तर आधी टिप तपासा. तिच्या कडक-मऊपणाचा फरक फेरूलपेक्षा जास्त पडतो. टिप ठीक असून बारीक खरखर ऐकू येत असेल, तर फेरूलखालचा डिंक सुटलेला असू शकतो.